बुटक्या स्प्रूसची नऊ सेंटिमीटरची फांदी

१७ एप्रिल, सकाळी ९ वाजून ४० मिनिटे. मोशीतील आमच्या नर्सरीच्या कूलिंग रूममध्ये मी बुटक्या स्प्रूसची एक फांदी मोजत होते. दोन महिन्यांत नऊ सेंटिमीटर. अकरा वाजता चाकणच्या एका कंपनीचे अधिकारी झाड पाहायला येणार होते. त्यांना ते पटले तर माझी ट्रायल, म्हणजे हे झाड इथे थंड खोलीत वाढवण्याचा प्रयोग, त्यांच्या पैशावर पुढे चालणार होती; अन्यथा त्याच दिवशी बंद.

स्प्रूस हा थंड प्रदेशातला वृक्ष. त्याची सुईसारखी पाने चौकोनी असतात. चिमटीत धरली की सहज फिरतात. बुटकी जात वर्षभरात जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढी वाढते, म्हणून बोन्सायवाल्यांना ती हवी असते. आपल्या उन्हात ती तगत नाही. बारा रोपांपैकी हे एकच उरले होते. त्याच्यासाठी दोन वर्षे मी पुनावळ्याहून रविवारीही येत होते. आई फोनवर विचारायची, “नवीन काय?” मी झाडाची उंची सांगायचे. पुढे तिने विचारणे सोडले.

माळीकाम पाहणारे बबनमामा खुशीत होते. “ताई, ही फांदी बघा, कशी सुटलीय!”

“मामा, तीच कापायची आहे.”

“आवं, वाढतंय त्येच कापता व्हय?”

बुटकेपणा हा मूळ झाडात अचानक घडलेला बदल असतो. कधी एखादी फांदी पुन्हा मूळ वळणावर जाते. तिच्या सुया लांब आणि विरळ असतात. ती ठेवली तर अन्न तीच ओढते, आणि काही वर्षांत बुटके झाड तिच्याखाली दबून जाते.

नर्सरीचे मालक शिंदेसर दारातूनच म्हणाले, “मॅडम, दोन तास थांबा की. त्यांना वाढ दिसू दे, मग खुशाल कापा.”

मी थांबले.

अधिकाऱ्यांना नेमकी तीच फांदी आवडली. “वा! हिचीच कलमे करा. गेटजवळ चाळीस लावू.”

“कलमे होतील, सर. पण ती बुटकी राहणार नाहीत.” मी कात्री घेतली आणि फांदी बुडातून काढली.

“मग झाडाची खरी वाढ किती?”

“दोन महिन्यांत चार मिलिमीटर.”

ते हसले. “मॅडम, एवढं तर आमच्याकडे टॉलरन्समध्ये जातं.” टॉलरन्स म्हणजे मापात चालवून घेतली जाणारी चूक. शिंदेसरही हसले. मी कात्री पुसत राहिले.

संध्याकाळी कूलिंग बंद झाले आणि खोलीत खताच्या गोण्या आल्या. बबनमामांनी कुंडी शेडनेटखाली नेली. “हितं सावली हाय, ताई,” एवढेच म्हणाले.

ज्या झाडाचा गुणच न वाढणे हा आहे, त्याच्या अहवालात ‘वाढ’ हा रकाना ठेवू नये. तो मीच आखला होता. फांदीही मी सकाळीच कापायला हवी होती.

शेवटची नोंद, २९ एप्रिल, दुपारी अडीच. हिरव्या सुया उरलेल्या फांद्या : ३.