मेडुसाची ओटी

चहा घ्या आधी, आणि कप खाली ठेवल्याशिवाय मला काही विचारू नका. मागच्या खेपेला हा किस्सा ऐकताना एका पाहुण्याने सोफ्यावर चहा सांडला आणि बोलणी मी खाल्ली. बायकोला हा किस्सा अजिबात विनोदी वाटत नाही. तिचं लग्न ह्याच्यामुळेच माझ्याशी झालं, त्यामुळे तिचंही बरोबर आहे.

काम तसं साधं होतं. ग्रीस देशातल्या एका राक्षशिणीचं मुंडकं उडवायचं. तेही पुठ्ठ्याच्या तलवारीने. तेवढंही मला जमलं नाही!

गोवा राज्य होऊन एक-दोन वर्षं झाली होती. मी मूळचा डिचोलीचा, आणि पेडणे तालुक्यातल्या एका हायस्कुलात मराठीचा मास्तर. टेंपररी. दर जूनला नवं पत्र, दर एप्रिलला घरी. मांद्र्याची मुलगी बघून ठेवलेली, तिला मी पसंत, मला ती पसंत. पण सासऱ्यांनी माझी पत्रिकासुद्धा मागितली नाही. म्हणाले, "परमनंट ऑर्डर दाखवा, मागीर मुहूर्त बघूया."

ऑर्डर होती भाऊंच्या हातात. भाऊ म्हणजे आमच्या शाळेचे चेअरमन. एक दिवस त्यांनी मला बोलावलं.

"मास्तर, औंदा गॅदरिंगाचा नाटक तुमी बसवा. बरा झाला, तर तुमच्या ऑर्डरीचा बघूया."

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? एखादं पौराणिक नाटक उचललं असतं, पोरांना मुकुट घातले असते आणि ऑर्डर घेऊन मांद्र्याला गेला असता. पण मी तेव्हा नुकतंच ग्रीक वीरांच्या कथांचं एक जाड इंग्रजी पुस्तक वाचलं होतं. संपूर्ण! वाचनालयाच्या नोंदवहीत माझ्याआधी ते कोणी नेलेलं नव्हतं, माझ्यानंतरही नेलं नाही. एवढं वाचलेला माणूस गप्प बसेल का हो?

मी पर्सियसची कथा घेतली. थोडक्यात सांगतो. मेडुसा नावाची एक बाई, तिच्या डोक्यावर केसांच्या जागी वळवळणारे साप. तिच्याकडे बघेल त्याचा दगड होतो. पर्सियस हुशार. तो तिच्याकडे बघतच नाही. चकचकीत पितळी ढालीत तिचं प्रतिबिंब बघत उलटा चालत जातो आणि मान कापतो.

पण तसंच्या तसं करण्यात काय मजा? मी ती आजच्या काळात आणली. माझा पर्सियस झाला प्रकाश, धंद्याने पायलट. विमानाचा नव्हे, आपला गोव्याचा, मोटरसायकलवर मागे माणूस बसवून नेणारा. मूळ कथेत त्याला उडायला पंखांच्या चपला असतात, मी मोटरसायकल दिली. अदृश्य करणारी टोपी असते, मी हेल्मेट दिलं. मेडुसा राहते मोप्याच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उजाड पठारावर, आणि तिथले काळे दगड म्हणजे तिच्याकडे बघितलेली माणसं. आणि मेडुसा म्हणजे कोण? अंधश्रद्धा! तिच्याकडे टक लावून बघत बसल्याने आपला समाज दगड झालाय. मला स्वतःला हे इतकं आवडलं की मी दोन रात्री नीट झोपलो नाही.

प्रकाश मीच. मेडुसा झाले पीटीचे गावस सर. त्यांना मिशी होती, पण मुखवट्यात दिसणार नव्हती. संवाद शुद्ध मराठीत, आणि विंगेतून सूचना, भांडणं, शिव्या सगळं कोकणीत. त्या दिवसांत मराठी की कोकणी ह्यावरून गोव्यात काय काय झालं होतं तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या स्टेजवर दोघी सुखाने नांदत होत्या.

राहिला मुखवटा. तो वासू चिताऱ्याकडे. चवथीला आमच्या भागातले निम्मे गणपती त्याच्या हातचे. त्याची बायको शेवंता आमच्याच शाळेत शिपाई. मी त्याच्या पडवीत गेलो आणि उभ्याउभ्या ऑर्डर दिली. हे संभाषण नीट ऐका, कारण माझं सगळं गाढवपण ह्यात आहे.

"वासू, एक मुखवटा पाहिजे. बाई आहे. डोक्यावर सगळीकडे साप."

"नाग किती?"

"बसतील तेवढे. आणि डोळे असे पाहिजेत, की बघणारा जागच्या जागी खिळला पाहिजे."

वासूने हात पुसले. "उग्र करू काय शांत?"

"उग्र! पण फार नको, बालवाडीची पोरं पुढे बसणार."

"मग शांतच बरी. बसवूची कधी?"

"पंधरा दिवसांनी, रविवारी चार वाजता."

झालं. मी निघालो. राक्षशीण हा शब्द माझ्या तोंडून एकदाही बाहेर पडला नाही! ज्या गावात देवी वारुळात राहते, नाग दिसला की बायका काठी न शोधता हात जोडतात, त्या गावात मी डोक्यावर नाग असलेली तेजस्वी डोळ्यांची बाई सांगून आलो. वाईट आहे हे सांगायचं राहून गेलं.

पुढचे पंधरा दिवस मी मुखवटा बघायला गेलो नाही. मी माझे संवाद घासत होतो. शेवटच्या भाषणात 'विवेकाची तलवार' हे शब्द तीनदा येत होते, ते चारदा केले.

रविवारी दुपारी वासू आला. सोवळ्यात! डोक्यावर पाट, पाटावर मुखवटा, मुखवट्यावर कोरं लाल कापड. मागे शेवंता, तिच्या हातात घंटा. मी म्हटलं, काय हा वेडेपणा! आणि कापड काढलं.

काय सांगू तुम्हाला, इतका सुंदर चेहरा मी जन्मात बघितला नव्हता. हळदीचा रंग, कपाळावर ठसठशीत कुंकू, नाकात नथ. सात नाग फणा काढून असे उभे, की बघून वाटावं तिच्यावर सावली धरलीय. आणि डोळे! त्या डोळ्यांकडे बघून कोणाचा दगड झाला नसता. उलट दगडाला पाझर फुटला असता.

"वासू, अरे ही राक्षशीण आहे रे!"

वासूने दोन्ही कानांना हात लावले. "मास्तर, असा बोलू नकात. पाप लागतला."

"निदान दोन सुळे तरी काढ."

"एकदा डोळे रंगवून उघडल्यार, मगे हात लावना मी."

चार वाजायला दीड तास होता. मी गावस सरांकडे धावलो. ते जेवत होते. ताटात डाळ, भात आणि भेंडीची भाजी. रविवारी! गावस सर रविवारी मासळीशिवाय जेवतात ही गोष्ट मला तिथेच खटकायला हवी होती.

"शिवराक कशाला हो?"

"मास्तर, काल वासूकडे मुखवटो बघलंय. अंगार देवी घेवची म्हणजे शिवराक रवाकच जाय. न्हालंय सुद्धा."

म्हणजे ते अंगावर देवी घेणार होते, राक्षशीण नव्हे! पण बाहेर फळ्यावर रंगीत खडूने लिहिलेलं होतं, 'अंधश्रद्धेवर प्रहार करणारे आधुनिक नाटक', आणि खाली माझं नाव. मंडप भरत होता. पहिल्या रांगेत भाऊ, शेजारी त्यांची ऐंशी वर्षांची आई. आणि तिसऱ्या रांगेत मांद्र्याचे माझे होणारे सासरे! भाऊंनी मुद्दाम बोलावलेले.

पडदा उघडला. पहिला प्रवेश बरा झाला. मी 'धूर्र' असा तोंडाने आवाज काढत मोटरसायकल चालवली, पोरं हसली. मग दुसरा पडदा वर गेला. सड्याचा देखावा, आणि मधोमध उभे गावस सर.

मंडपात एकदम चुळबुळ. मग चपलांचा आवाज. मी विंगेतून डोकावलो. लोक चपला काढत होते. सगळे! भाऊंनी बूट घातले होते, ते वाकून नाडी सोडत होते.

मी हेल्मेट चढवलं. काचेला चरे पडलेले, समोरचं धड दिसेना. "शेवंता, माझी ढाल!" म्हणून हात मागे केला. ढाल म्हणजे शेवंताच्याच घरचं पितळी ताट, चिंचेने घासून लख्ख केलेलं. तिने ते हातात दिलं. ताट जड लागलं. बघतो तर त्यात हळद-कुंकू, फुलं, आणि पेटलेलं निरांजन!

"हे काय?"

"देवीफुडे रिकामा ताट व्हरतत काय? जावा, लोक राकतत."

काय करणार? लोक खरंच वाट बघत होते. गेलो. कथेप्रमाणे उलटा चालत गेलो. तोंड लोकांकडे, पाठ देवीकडे, हातात पेटलेलं निरांजन. ताटात मेडुसा दिसायला हवी होती, पण फुलं मध्ये येत होती. म्हणून मी ताट जरा गोल फिरवलं.

बस्स! पेटीवाल्याने आरतीचा सूर धरला. त्याची काय चूक? कोणी ताट गोल फिरवलं की तो तेच वाजवतो. मंडप उभा राहिला. टाळ्या, घंटा, बालवाडीच्या पोरांचा बेसूर आवाज. मी ताट थांबवलं की आरती थांबते का बघितलं. थांबली नाही. उलट भाऊ स्टेजवर आले, निरांजनावर हात फिरवून डोळ्यांना लावले, आणि त्यांच्यामागे रांग लागली. रांगेत सासरेही होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. हेल्मेटमुळे ओळखलं नसावं, अशी मी मनाची समजूत घातली.

रांग संपली. आता माझं वाक्य होतं. मी तलवार उपसली आणि ओरडलो, "दुष्टे! हा तुझा शेवट!"

भाऊंच्या आई काठी टेकत उठल्या.

"हात तर लाव तिका, मगे बघतंय तुका!"

मी भाऊंकडे बघितलं. भाऊंच्या चेहऱ्यावर माझी ऑर्डर मला स्पष्ट दिसली, आणि ती फाटत होती. मी विवेकाचं भाषण आठवायला गेलो. चारही तलवारींपैकी एकही आठवली नाही. माझे पाय जागच्या जागी खिळले. पुस्तकात लिहिलेलं अगदी खरं होतं, तिच्यासमोर माणसाचा दगड होतो. फक्त त्या दिवशी तो मान मिळालेला माणूस मी होतो.

मी गुडघ्यांवर बसलो आणि तलवार गावस सरांच्या पायाशी ठेवली.

"आई," मी म्हणालो, "चुकलं."

इथे गावस सरांनी किंचाळून मरायचं होतं. महिनाभर तालीम केली होती हो! त्यांनी उजवा हात वर केला आणि मुखवट्यातून घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तथास्तु."

एवढ्या टाळ्या त्या शाळेत आजवर पडल्या नाहीत. भाऊंनी मला मिठी मारली, हेल्मेटसकट. "मास्तर, बरो प्रहार केलास! अहंकाराचेर!" आणि त्यांच्या आईंनी तिथेच मेडुसाची खणा-नारळाने ओटी भरली आणि माझ्या नावाने गाऱ्हाणं घातलं.

"आई, ह्या मास्तराची ऑर्डर बेगीन होवंदे. तो दर वर्सा तुका नारळ दितलो."

"व्हय म्हाराजा!" मंडप म्हणाला. त्यात सासऱ्यांचा आवाज सगळ्यात मोठा होता.

जूनमध्ये ऑर्डर आली. डिसेंबरात लग्न झालं. मुखवटा विसर्जन करायला कोणाचं मन होईना, म्हणून स्टाफरूममध्ये एक फळी ठोकून तिथे ठेवला. परीक्षेच्या आधी पोरं येतात, बोर्डाचा निकाल लागायच्या आदल्या दिवशी तर हेडमास्तरही. देवी मूळची कुठली, हे अजून कोणी विचारलं नाही.

आता मी रिटायर झालोय, पण नारळ चुकवत नाही. न देण्याची हिंमत नाही, सरळ सांगतो. दर जूनला मी आणि बायको जातो. ती देवीसमोर उभी राहते, डोळ्यांत डोळे घालून मनातलं बोलते. मी मात्र पाठ करून उभा राहतो, पितळी ताट वर धरतो, आणि त्यात बघून नमस्कार करतो.

बायको दर वर्षी चिडते. "अख्खो गाव तिच्याकडे सरळ बघता. तुमकाच कित्याक ताट लागता?"

तिला काय सांगू? ते पुस्तक अख्ख्या गावात मी एकट्यानेच वाचलंय ना!