पंधरा वाव दोर

दोर हातात आला की ड्रेसर आधी त्याचा पीळ उलटा फिरवायचे. अंगठ्याने तिन्ही पेड सैल करायचे, मधल्या फटीत डोळा लावायचे आणि मला म्हणायचे, "वरून तर समदेच चांगले असतात, अप्पा. पोटात बघावं लागतं."

बीडमध्ये माझं दोर-सुतळीचं, टोपल्या-फावड्यांचं दुकान आहे. ते गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते आणि सगळे त्यांना ड्रेसरच म्हणत. आठवड्याचे सहा दिवस दोराने बैल पाडून त्यांच्या जखमा धुवायच्या आणि रविवारी झाडावर चढायचं. चिंचा पाडायला नाही, मधासाठी नाही. नुसतं चढायचं, तासभर फांदीवर बसायचं, उतरायचं. असा शौक असलेला दुसरा माणूस तुम्ही पाहिला असेल, मी नाही पाहिला.

सुतळीला दगड बांधून ती उंच फांदीवरून पलीकडे टाकायची, तिच्यामागून दोर ओढून घ्यायचा, एक टोक कमरेला बांधायचं आणि दुसऱ्या पदरावर गाठ सरकवत वर जायचं, अशी त्यांची रीत. वरून दिसतं तरी काय, असं मी एकदा विचारलं. "तेच दिसतं. फकस्त कुणी हाक मारत न्हाई."

नव्वदीनंतर बाजारात पिवळे-निळे प्लॅस्टिकचे दोर आले. हलके, चकचकीत, नायलॉनपेक्षा निम्म्या भावाचे. मी त्यांना तो घ्यायचा आग्रह केला. त्यांनी हातभर तुकडा मागून घेतला आणि माझ्याच दुकानाच्या पत्र्यावर उन्हात बांधून ठेवला. म्हणाले, दिवाळीला बघू. दिवाळीला त्यांनी तो चिमटीत चोळला तर भुसा गळाला. काथ्या हाताला चावतो, सुती दोर भिजला की आतून कुजतो, हेही त्यांनीच मला शिकवलं. त्यांना लागायचा अंगठ्याएवढा जाड तिपेडी नायलॉन. तोही दोन पावसाळेच. "फांदीला घासतो तिथं दोर मरतो, अन् मेलेला दिसत न्हाई," असं म्हणून ते तिसऱ्या वर्षी त्याचे तुकडे करत आणि दवाखान्यात येणाऱ्या शेतकऱ्यांना दावी म्हणून वाटत. "बैल सुटला तर सापडंल. मी सुटलो तर?" हे सांगताना ते हसायचे.

मी दोर किलोवर विकतो, पण त्यांच्यासाठी वावाने मोजायचो. म्हणजे तेच मोजायचे. दोन्ही हात पसरले की एक वाव, असे पंधरा. कोणी कोणता दोर कधी नेला, हे टिपून ठेवायची मला सवय आहे. त्यांचे पावसाळे माझ्याही वहीत असत.

मग त्यांची बायको गेली. बावीस दिवस अंबाजोगाईच्या दवाखान्यात होती. मूलबाळ नव्हतं. दोन महिन्यांनी एका सोमवारी भर दुपारी ते दुकानात आले. दाढी वाढलेली. मी नायलॉनचं टोक पुढे केलं. त्यांनी पीळ फिरवला नाही, डोळा लावला नाही.

"द्या. कोणता बी चालंल."

हा दोर झाडावर चढायला नाही, असं माझ्या मनात आलं. हा माल दुसऱ्याला कबूल केलाय, पुढच्या सोमवारी या, असं मी सांगितलं. माझ्या पाठीमागे अख्खं बंडल होतं. त्यांनी ते पाहिलं.

"कावून, अप्पा?"

मी वही उघडली. "घरात बसवत न्हाई हो," एवढं म्हणून ते गेले.

तेवढ्यावर मी थांबलो नाही. बाजारात दोराची आणखी दोन दुकानं होती. दोन्हीकडे जाऊन मी सांगून आलो की ड्रेसरला दोर देऊ नका. त्यातल्या पलीकडच्या गल्लीतल्या चाचांकडे ते मंगळवारी गेले आणि रिकाम्या हाताने परतले.

शनिवारी दवाखान्यातला शिपाई भेटला. ड्रेसर बरे आहेत, म्हणाला. कामावर येतात, डबा करून आणतात, उद्या चकलांब्याकडच्या चिंचेवर जायचं म्हणत होते. मला माझीच लाज वाटली. रविवारी सकाळी अर्धं शटर उघडून, सोमवारी ते येतील म्हणून, मी त्यांचा दोर मोजून, कापून ठेवला.

त्याच सकाळी ते चिंचेवरून पडले. दोर जुना होता. त्याचे दोन पावसाळे सरले होते, आणि ते माझ्या वहीत लिहिलेलं होतं. लोकांनी जीपमध्ये घातलं, पण गेवराईच्या अलीकडेच संपलं.

ड्रेसरने जीव दिला, असं सगळे म्हणाले. चाचांनी माझा हात धरला. "तुमने तो रोका था, अप्पा. अब क्या करें."

महिन्याभराने त्यांचा धाकटा भाऊ दोराचे दोन तुकडे घेऊन आला. "लोक काय काय बोलायलेत. तुमाला दोरातलं कळतं. खरं सांगा."

तुटल्या जागेजवळ मी पीळ उलटा फिरवला. वरून दोर धडधाकट होता. पोटात भुसा. दुसऱ्या टोकाला कमरेची गाठ तशीच होती. दुहेरी मारलेली, उरलेलं टोक पुन्हा अडकवून घट्ट केलेलं. मी ती त्याच्यापुढे धरली. मरायला निघालेला माणूस अशी गाठ मारत नाही, असं सांगितलं.

"मग नवा दोर कावून न्हाई घेतला त्यानं?"

मी तेही सांगितलं. माझ्या दुकानातलं आणि बाकीच्या दोन दुकानांतलंही. तुकडे गुंडाळून तो माझ्याकडे न बघता पायरी उतरला.

कापलेला दोर मी विकला नाही. आतल्या खिळ्याला आहे, उन्हापासून लांब. ते उंच होते; माझा वाव त्यांच्यापेक्षा चार बोटं आखूड. म्हणून त्या सकाळी पंधरा वाव मोजून झाल्यावर मी साठ बोटं दोर जास्त सोडला होता.