वीस पावलं

हे लिहायचं मी फार वर्षं टाळलं. कधी डोळ्यांचं निमित्त केलं, कधी तब्येतीचं. आता निमित्तं संपली, म्हणून त्याच्या अंगठ्यापासून सुरुवात करतो.

कुणी सायकल घेऊन आलं की तो आधी सायकलीकडे बघायचाच नाही. माणसाला फळीवर बसवायचा, त्याची पोटरी अंगठ्याने दाबायचा, घोटा फिरवून बघायचा आणि विचारायचा, "जानार कुठं?" पोटरी आणि वाट या दोन गोष्टी कळल्याशिवाय मागच्या चाकाला किती दातांचं फ्रीव्हील, म्हणजे चेन फिरवते ते दातेरी चक्र, बसवायचं, हे तो ठरवत नसे. दात जास्त तेवढा चढ हलका, कमी तेवढा सपाटीला वेग. बाकीचे दुकानदार आलेल्या प्रत्येकाला अठरा दाती देऊन मोकळे होत.

पालघरच्या बाजारात त्याची सायकलदुरुस्तीची पत्र्याची टपरी होती. आत चहाचे रिकामे डबे ओळीने मांडलेले. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, खिळे-छर्रे असतील. डब्यांत दगड होते. एकेका रस्त्यावरची मूठमूठ खडी, मुरूम, माती. डब्यांवर चिठ्ठी नव्हती. एकदा तो चहाला गेला असताना आम्ही दोघा-तिघा पोरांनी दोन डब्यांतली खडी अदलाबदल केली. तो आला, डब्यात दोन बोटं घातली आणि म्हणाला, "ही सफाळ्याची. शिरगावच्या घरात काय करते?" आमची हसायची तयारी होती, पण हसू आलं नाही.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा. साताऱ्याकडचा. हिवतापाच्या कामावर लागलो होतो. घरोघर जायचं, ताप आलेल्याच्या बोटातला रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, गोळ्या द्यायच्या आणि दारावर खडूने तारीख लिहायची. आठवड्यातले तीन दिवस बोईसर-तारापूरकडे. तिकडे अणुवीज केंद्राचं काम निघालं होतं, रस्त्यावर नवं डांबर पडलं होतं. उरलेले तीन दिवस वाघोबाची खिंड ओलांडून डोंगरातले पाडे. खिंडीपुढे आत वळलं की नुसती खडी. सायकल एकच, कार्यालयाची.

त्याने माझी पोटरी दाबली. "घाटावरचा ना तू? पाय हाय, दम नाय."

"काका, मग किती दाती बसवायचं?"

"डांबराला सोला. खडीला ईस."

"दोन्हीला मिळून?"

"दोन्हीला मिळून अठरा. म्हंजे डांबरावर पाय रिकामे फिरतील नि खडीवर छाती फुटंल. दोन्हीकडं वाईट." मग त्याने सायकल ठेवून घेतली. तीन दिवस मी पायी हिंडलो आणि त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

चौथ्या दिवशी चाक तयार होतं. त्याने स्वतः मुंबईला जाऊन चाकाच्या मधल्या हबच्या दुसऱ्या बाजूलाही आटे पाडून आणले होते. आता मागच्या चाकाच्या एका अंगाला सोळा दाती फ्रीव्हील होतं, दुसऱ्या अंगाला वीस दाती. डांबर संपलं की चाक काढायचं, उलटं करून बसवायचं, चेन चढवायची, चाक मागे ओढून ताण द्यायचा, दोन्ही नट आवळायचे. पाच मिनिटांचं काम. तुमच्यापैकी कुणी आज गिअरच्या सायकली चालवत असाल तर हसाल. पण पहिल्यांदा वीस दातांवर मी खिंडीपलीकडची खडी चढलो तेव्हा वर पोहोचून सायकल आडवी केली आणि त्या चाकाकडे बघत बसून राहिलो. आपल्या पायांना कुणीतरी इतकं ओळखतं, याची मला भीतीच वाटली.

आणि तो स्वतः सायकलवर बसत नसे. कुठेही जायचं तर सायकल हातात धरून चालायचा. म्हणायचा, "वर बसलो की ती काय बोलते ते ऐकू येत नाय."

चाक देताना त्याने एकच अट घातली. "उलटं केलंस की लगेच चढायचं नाय. ईस पावलं तिला हातानं चालव, मंग ती तुला चालवंल." वीस पावलांत चाक तिरकं असलं तर घासतं, नट सैल असला तर कळतं. भर रस्त्यात सायकलीशी गप्पा मारत चालल्यासारखं दिसायचं ते. पोरी हसायच्या. तरी मी वर्षभर चाललो.

आमच्या साहेबांना ते चाक फार आवडलं. सगळ्या आठ सायकलींना तसंच करायचं ठरलं. त्याला सांगायला मीच गेलो होतो. तो डबे एकेक करून फडक्याने पुसू लागला. मला वाटतं, त्याच्या आयुष्यातला तो मोठा दिवस असावा.

त्यानंतर आठवड्याच्या आत ते घडलं. भर दुपार. मी पाड्यांवरून परतत होतो, बरोबर आमच्यातलाच एक सफाळ्याचा जोडीदार, त्याची सायकल पंक्चर म्हणून माझ्या कॅरिअरवर. त्याच्या मांडीवर काचांची पेटी. खिंडीच्या माथ्यावर मी चाक उलटं करून सोळा दातांवर घेतलं.

"अरे, वरात काढतोस का सायकलची?" तो म्हणाला. "गाडी चुकेल माझी!"

उजवा नट मी आवळला होता. डावा नुसता बोटांनी फिरवला होता. पाना खिशात घातला आणि चढलो. वीस काय, एकही पाऊल चाललो नाही.

पहिल्याच वळणावर चाक तिरकं झालं, चेन उतरली आणि चाक अडकलं. जोडीदाराचं मनगट मोडलं. तीन पाड्यांच्या काचांचा चुरा झाला. मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही.

साहेबांनी कार्यालयाच्या अंगणात सायकल मागवली, त्यालाही बोलावलं. मला विचारलं, "नट आवळले होते?"

"आवळले होते, साहेब. चाकच तसलं आहे. सारखं उलटंसुलटं करून आटे राहिले नसतील." माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. हे कारण म्हणून सांगत नाही, तसं होतं एवढंच सांगतो.

तो सायकलीपाशी उकिडवा बसला. नट आवळला की त्याखालची चकती रंगावर गोल ओरखडा उठवते. उजव्या बाजूला ताजा ओरखडा होता. डाव्या बाजूला सगळे ओरखडे जुने, मळलेले होते, ताजा एकही नव्हता. त्याने तिथे बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मग खिशातला तेलाचा बोळा काढून त्या जागेवरून असा फिरवला की तेल आणि काजळीखाली काही दिसेना.

"माजंच चुकलं, साहेब," तो म्हणाला. "दोन अंगांचं चाक करायला नको होतं."

आठ सायकलींचं काम रद्द झालं. बाजारात बातमी पोहोचायला संध्याकाळही लागली नाही. लोक येता-जाता विचारायचे, "काय काका, तुमचं चाक पुढं जातं का मागं?" तो कानसीने आमच्या चाकाचे दुसऱ्या बाजूचे आटे घासत होता. मी समोर उभा होतो. मान वर न करता त्याने हळूच विचारलं, "ईस पावलं चाललास ना?"

"चाललो," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला.

पुढे बाजारातली टपरी बंद झाली. दोन-तीन वर्षांनी तो मला बोईसरजवळ सरावलीला सापडला. कामगारांच्या खोल्यांसमोर, झाडाखाली, कुणा बिहारी गड्याची पोटरी दाबत, "जाना किधर?" विचारत होता. डबे शेजारी होते. मला पाहून त्याने फळीवरची जागा झटकली, माझी पोटरी दाबली आणि हसला. "मऊ झाली. खुर्चीवर बसतोस आता."

मी खरंच बोलायला गेलो होतो. बोईसर स्टेशनपासून तिथवर सायकलवर तेच वाक्य घोकत आलो होतो. तोंड उघडलं आणि म्हणालो, "काका, जरा हवा भरता?"

त्याने हवा भरली. टायर अंगठ्याने दाबून पाहिला. मी निघालो तेव्हा मागून म्हणाला, "सावकाश जा."

पुढच्या वेळी गेलो तेव्हा झाडाखाली दुसरं कुणी भजी तळत होतं. डबे कुठे गेले ते त्याला माहीत नव्हतं.

वाक्य लहानच होतं. काका, मी चाललो नव्हतो.