अण्णारावांचं अनुमोदन

'अहमदपूर तालुका मंडप, लाईट, डेकोरेशन व मंगल कार्यालय चालक संघटना' हे नाव एका दमात घेणारा माणूस तालुक्यात एकच होता, तो म्हणजे संघटनेचा कार्यालयीन सचिव रामलिंगअप्पा. बाकीचे नुसतं 'संघटना' म्हणून मोकळे होत. अध्यक्ष व्यंकटराव तर 'आपलं ते' एवढ्यावरच भागवत. सभेला लागते ती प्रत्येक वस्तू या मंडळींच्या गोदामात रचून ठेवलेली होती: हजारोंनी खुर्च्या, माइक, गालिचे, पाहुण्यांसाठी लाल कोच, झालंच तर दीपप्रज्वलनाची समई. अडचण एवढीच होती की सभा घ्यायची कुणाला सवय नव्हती.

सभा होत नसे असं मात्र म्हणता येणार नाही. दरवर्षी पितृपक्षात वार्षिक सभा भरे, कारण त्या पंधरवड्यात लग्नतिथी नसते आणि सभासद रिकामे असतात. पद्धत अशी होती की गोकुळाष्टमीच्या आसपास रामलिंगअप्पा सगळं प्रोसिडिंग, म्हणजे सभेचं इतिवृत्त, सुवाच्य अक्षरात लिहून ठेवी. कोणता ठराव आला, त्यावर 'साधकबाधक चर्चा' कशी झाली, मग तो 'सर्वानुमते' मंजूर कसा झाला, सगळं. महिन्याभराने सभासद व्यंकटरावांच्या मंगल कार्यालयात येत, आधीच घडून गेलेल्या त्या सभेखाली सह्या करीत आणि पंगतीला बसत. लोकशाही इतक्या कमी त्रासात होते हे दिल्लीच्या लोकांना कुणी कळवलं नसावं.

प्रत्येक ठरावाखाली दोन नावं ठरलेली असत. सूचक व्यंकटराव, अनुमोदक अण्णाराव. अण्णाराव मूळचे लोह्याचे, तालुक्यातले सगळ्यांत जुने मंडपवाले. रामलिंगअप्पाला या नोकरीत त्यांनीच चिकटवलं होतं. त्या सगळ्या मंडळींत हा एकच माणूस असा होता, ज्याला सभा खरी वाटे. सह्या चालू असताना ते उभे राहत, पुढच्या खुर्चीच्या पाठीवर दोन बोटं वाजवत आणि ऐकायला कुणी असो नसो, प्रत्येक ठरावाला म्हणत, "आपलं अनुमोदन हाय बगा." मग खाली बसत. लोक हसत. ते हसत नसत.

तीन वर्षांपूर्वी अण्णाराव वारले. रामलिंगअप्पा लोह्याला दहाव्याला जाऊन आला, तेव्हा माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. पण त्या साली प्रोसिडिंग लिहिताना हाताने आपसूक लिहिलं: अनुमोदक अण्णाराव. त्याने व्हाइटनरची बाटली उचलली, थोडा वेळ हातात धरली आणि परत खणात ठेवली. पुढच्या दोन वर्षी खण उघडायचीही गरज पडली नाही. खाली एकूण एक सभासदाची सही पडली, कारण वर काय लिहिलंय ते वाचायचा रिवाज नव्हता. आणि तसं पाहिलं तर सभा पितृपक्षातली. त्या पंधरवड्यात गेलेली माणसं जेवायला येतात यावर संघटनेतल्या कुणाचाच आक्षेप नव्हता, मग एखाद्याने जाता जाता अनुमोदन दिलं तर बिघडलं कुठं?

अशात मुंबईच्या एका संस्थेचं पत्रक ऑफिसात आलं. संघटना चालवणाऱ्या माणसांसाठी अभ्यासक्रम, परीक्षा, कामाची फाईल, मुलाखत, आणि शेवटी 'प्रमाणित संघटना व्यवस्थापक' असं प्रमाणपत्र. असल्या गोष्टीचंही शिक्षण असतं हे वाचून व्यंकटराव पोट धरून हसले. रामलिंगअप्पाने मात्र पत्रक घडी करून खिशात घातलं.

बायको शिवकांता म्हणाली की पन्नाशी आली, आता हे शिकून कुठल्या कलेक्टर कचेरीत बसणार आहात? तिचं चूक नव्हतं. पण रामलिंगअप्पाच्या मनातली गोष्ट वेगळी होती. नोकरीच्या एकोणीस वर्षांत त्याने दोन-अडीच हजार मानपत्रं आणि प्रशस्तिपत्रं लिहिली होती. आमदार, फौजदार, दहावी पास झालेले सभासदांचे चिरंजीव, एकदा तर व्यंकटरावांच्या नव्या जनरेटरचंसुद्धा अभिनंदनपत्र. मधली रिकामी ओळ त्याच्या वळणदार अक्षराने भरायची आणि दुसऱ्याच्या हातात द्यायची. "एक कागद माज्या नावाचा पायजे," तो शिवकांताला म्हणाला. "दुसऱ्यानं लिव्हलेला." दुसऱ्या दिवसापासून पहाटे चहाचं आधण एका माणसाचं जास्त पडू लागलं.

पोरगी ऋतुजा लातुरात शिकायला होती. तिथे परीक्षा हा मुख्य व्यवसाय आणि जगणं हा जोडधंदा. तिने फोनवरून बापाला वेळापत्रक लावून दिलं, सराव चाचण्या घेतल्या, आणि मार्क कमी पडले की तो तिला जे पूर्वी बोलत असे ते व्याजासकट परत केलं. शनिवारी ऑनलाइन तास असे. रामलिंगअप्पा ऑफिसच्या संगणकापुढे बसून सुशासन, पारदर्शकता, सभासदांचा सहभाग असले शब्द वहीत उतरवून घेई, आणि बाहेर व्यंकटराव कुणाला तरी सांगत असत की आमचा अप्पा आजकाल पिच्चर लई बघायलाय.

लेखी परीक्षा नांदेडला होती. लोह्यावरून जाणाऱ्या एसटीने तो तासभर आधीच केंद्रावर पोचला. दारावरच्या मुलीने विचारलं, "काका, मुलाला सोडायला आलात का? पालकांनी बाहेर थांबायचं." त्याने ओळखपत्र दाखवलं, तेव्हा ती ओशाळली. महिन्याने निकाल लागला. रामलिंगअप्पा शंभरात एकाहत्तर मार्कांनी पास झाला होता. ऋतुजाने एकोणतीस कुठे गेले ते विचारलं.

मग त्याने फाईल पाठवली: गेल्या तीन वर्षांची प्रोसिडिंगं, सुंदर अक्षरात, एक खाडाखोड नाही. आठवड्याने परीक्षक मनस्विनी मॅडमचं पत्र आलं. तालुक्याच्या गावात इतकी शिस्तबद्ध कागदपत्रं पाहून आनंद झाला, सभासद इतक्या एकमताने वागतात हे विरळा. पुढे लिहिलं होतं: 'विशेषतः श्री. अण्णाराव यांचा सहभाग अनुकरणीय आहे. तीन वर्षांतील प्रत्येक ठरावाला त्यांनी अनुमोदन दिले आहे. मुलाखतीच्या वेळी त्यांच्याशी दोन शब्द बोलायला आवडेल.'

रामलिंगअप्पाने ते पत्र घाईघाईने व्यंकटरावांपुढे नेऊन ठेवलं. व्यंकटरावांना मात्र यात अडचण दिसेना. ज्या माणसाने वऱ्हाड आल्यावर अर्ध्या तासात नवरदेवाला दुसरा घोडा उभा केला होता, त्याला दुसरा अण्णाराव उभा करणं काय जड? त्यांनी आपल्या मेहुण्याला बोलावलं, डोक्याला फेटा बांधला आणि संगणकासमोर बसवला. "क्यामेऱ्यात कोन वळकतंय," ते म्हणाले. "एक वाक्य तर बोलायचंय."

मुलाखतीच्या दिवशी सकाळी मेहुणा तेच वाक्य घोकत होता. आपलं अनुमोदन हाय बगा. आपलं अनुमोदन हाय बगा. खुर्चीत रेलून, तोंडात सुपारी धरून. रामलिंगअप्पा शेजारी कागद लावत होता. त्याला ते वाक्य सहन होईना. एकोणीस वर्षांत त्याला कुणाचा इतका राग आला नव्हता, आणि निम्मा राग स्वतःचाच होता, कारण मेहुणा आज जे करत होता तेच तो तीन वर्षं करत आला होता, फक्त फेटा न बांधता.

पडद्यावर मॅडम दिसल्या. नमस्कार झाला. त्यांनी विचारलं, हेच का अण्णाराव?

"न्हाई मॅडम," रामलिंगअप्पा म्हणाला. "अण्णाराव वारले. तीन वर्षं झाली. सभा व्हायच्या आधीच प्रोसिडिंग मी लिहितो, आन् त्यांचं नाव मीच टाकतो."

मेहुण्याने सुपारी गिळली. व्यंकटराव दारातून बाहेर गेले. मॅडमनी चष्मा काढून पुसला, परत घातला. त्या रागावल्या नाहीत, हे जास्त वाईट होतं. ही फाईल स्वीकारता येणार नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. पण यंदाची सभा अजून व्हायची आहे ना? ती नियमाने घ्या. जेवढं बोललं जाईल तेवढंच लिहा, एक शब्द जास्त नको, एक कमी नको. आणि तुमच्या प्रमाणपत्रासाठी संघटनेच्या शिफारशीचा ठराव लागतो, तोही त्याच सभेत मांडा. ही शेवटची संधी.

म्हणजे आता सगळं त्या त्रेचाळीस सभासदांच्या तोंडावर येऊन ठेपलं. त्यातल्या प्रत्येकाची कागदपत्रं रामलिंगअप्पाने केली होती. कुणाचा परवाना, कुणाच्या लाउडस्पीकरची पोलीस परवानगी, कुणाच्या पोराच्या लग्नाची पत्रिका. नुसतं 'अनुमोदन' म्हणायला किती ताकद लागते? त्याला काळजी वाटली नाही. इतकं शिकूनही माणूस भोळाच राहिला होता.

पितृपक्षातल्या एका दुपारी सभा भरली. सहाशे खुर्च्या मांडल्या होत्या. सगळे सभासद शेवटच्या दोन ओळींत बसले, कारण भोजनकक्षाचं दार तिकडे होतं. आल्या आल्या लोक सहीसाठी रजिस्टर मागू लागले. रामलिंगअप्पाने रजिस्टर मिटून मांडीखाली घेतलं आणि आधी सभा होईल असं सांगितलं. मंडळी चमकली. दोघातिघांनी कुणी मोठा पाहुणा येणार आहे का, अशी चौकशी केली.

पहिले तीन ठराव कसेबसे पार पडले. व्यंकटराव वाचायचे, मान वर करून सभागृहाकडे बघायचे, की मागून 'मंजूर, मंजूर' असा गलका व्हायचा. रामलिंगअप्पा विचारायचा, अनुमोदन कुणाचं, नाव सांगा. मग एकमेकांना कोपरं मारून कुणीतरी उठायचा. तरुण सभासद एकमेकांकडे बघून हसत होते. मागून खिरीचा वास यायला लागला होता.

चौथा ठराव रामलिंगअप्पाच्या शिफारशीचा. व्यंकटराव झालेला प्रकार विसरले नव्हते, पण माणूस अगदीच कडू नव्हता. त्यांनी ठराव मोठ्याने वाचला. शेवटचा शब्द संपतोय तोच त्यांचा फोन वाजला. शिरूर अनंतपाळचं कुणी मार्गशीर्षातली तिथी विचारत होतं. मार्गशीर्षातली तिथी म्हणजे देवाचाच फोन. व्यंकटरावांनी सभेकडे पाठ केली आणि खिडकीकडे तोंड करून बोलू लागले.

"अनुमोदन?" रामलिंगअप्पाने विचारलं.

त्रेचाळीस डोकी व्यंकटरावांच्या पाठीकडे बघत होती. पाठीवरून काही कळत नव्हतं. हा ठराव त्यांना हवा आहे की नुसता वाचायचा म्हणून वाचला? आधी आपण उठलो आणि नंतर त्यांना आवडलं नाही तर? कुणाचंही रामलिंगअप्पाशी वाकडं नव्हतं. प्रत्येकाला मनापासून वाटत होतं की शेजारच्याने उठावं.

अभ्यासक्रमाच्या पुस्तकात तीनदा विचारा म्हटलं होतं. त्याने तीनदा विचारलं. नकळत त्याची नजर मागून दुसऱ्या ओळीतल्या कडेच्या खुर्चीकडे गेली, जिथे अण्णाराव बसत. तिथे कुणाची तरी पिशवी ठेवलेली होती.

मागून कुणीतरी भल्या मनाने म्हणालं, "अप्पा, ते अण्णारावचं टाका की नेहमीसारखं."

"अण्णाराव न्हाईत आता," रामलिंगअप्पा म्हणाला.

मॅडमपुढे दिला होता तो कबुलीजबाब; हे वाक्य त्याने आजवर शिवकांतालासुद्धा म्हटलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला त्याने मान खाली घालून लिहायला सुरुवात केली. ठराव क्रमांक चार. सूचक: व्यंकटराव. अनुमोदक: कोणी नाही. अनुमोदनाअभावी ठराव बारगळला. त्या वेळी अध्यक्ष फोनवर होते. ओळ संपली तरी पेन कागदावर टेकलेलंच राहिलं, आणि खाली शाईचा एक डाग पडला. त्याने तो तसाच ठेवला.

व्यंकटरावांनी फोन ठेवून वळून पाहिलं, तर लोक पंगतीला गेले होते.

प्रोसिडिंग त्याने दुसऱ्या दिवशी डागासकट पाठवून दिलं आणि तो विषय मनातून काढून टाकला. निदान शिवकांताला तसं सांगितलं. दसरा गेला, दिवाळी गेली. मग मुंबईहून जाड पुठ्ठ्याचा लिफाफा आला. आत प्रमाणपत्र होतं, मधल्या ओळीवर त्याचं नाव, दुसऱ्याच कुणाच्या हाताने लिहिलेलं. अक्षर त्याच्याइतकं चांगलं नव्हतं. त्याने ते पुन्हा पुन्हा पाहिलं. सोबत मॅडमची चिठ्ठी होती: 'स्वतःविरुद्ध गेलेला ठराव जसाच्या तसा लिहिणारा व्यवस्थापक मी प्रथमच पाहिला. शिफारस म्हणून आम्ही तेच पान जोडले आहे.'

आता संघटनेला स्वस्थ बसणं शक्य नव्हतं. तालुक्याचा पहिला प्रमाणित व्यवस्थापक आपल्या पदरी आहे म्हटल्यावर सत्कार हवाच. मंडप चढला, लाल कोच आले, समई आली. बॅनरवर व्यंकटराव फेट्यासह उभे आणि कोपऱ्यात पासपोर्ट साइजचा रामलिंगअप्पा. मानपत्र लिहायचं काम अर्थातच रामलिंगअप्पाकडे आलं, दुसऱ्या कुणाचं अक्षर इतकं चांगलं कुठे होतं! त्याने 'कर्तव्यदक्ष' आणि 'निःस्पृह' हे दोन्ही शब्द वगळले. इतरांना वाटताना एवढा विचार कधी केला नव्हता.

कार्यक्रमात अभिनंदनाचा ठराव आला. या खेपेस व्यंकटरावांनी फोन मेहुण्याच्या खिशात दिला होता. ठराव वाचून त्यांनी मान वर केली, सभागृहावरून नजर फिरवली आणि हसले. त्याबरोबर अख्खी सभा उठून उभी राहिली आणि अनुमोदनाचा एवढा कल्ला झाला की माइक शिट्टी मारू लागला. खांद्यावर शाल आणि हातात नारळ घेऊन रामलिंगअप्पा खाली उतरला, टेबलापाशी जाऊन बसला आणि त्याने रजिस्टर उघडलं. सत्कार कुणाचाही असो, प्रोसिडिंग लिहायला सचिवच लागतो.

त्याने नेहमीच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: सूचक, व्यंकटराव. अनुमोदक, उपस्थित सर्व सभासद. अध्यक्ष या वेळी समोर बघत होते.