चांगुणाबायचं नाक

चांगुणाबाय कुठल्याही खोलीत शिरण्याआधी उंबऱ्यावर थांबायची. मान जरा वर करून दोनदा हुंगायची आणि मगच पाय आत टाकायची. पहिल्या दिवशी माझ्या कचेरीच्या दारातही तिनं तेच केलं आणि म्हणाली, "भाऊ, तुमच्या कपाटात उंदीर मेलाय." ते कपाट मी आदल्याच दिवशी स्वतः आवरलं होतं. उंदीर निघाला. मला तेव्हाच तिचा थोडा राग आला होता, हे कबूल केलेलं बरं.

एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. तारापूरच्या किनाऱ्यावर वीजकेंद्राचं बांधकाम जोरात होतं आणि एका ठेकेदाराने परदेशी पाहुण्यांसाठी बांधलेल्या बंगल्याची व्यवस्था माझ्याकडे होती. मी साताऱ्याकडचा, कडक इस्त्रीचा आणि त्याहून कडक नियमांचा माणूस. तिथली न्हाणीघरं म्हणजे आम्हाला नवल. फवाऱ्याभोवती चारी बाजूंनी काच आणि दारही काचेचंच. पण विहिरीचं पाणी मचूळ. आठ दिवसांत काचेवर पांढरे थर चढायचे. साबण झाला, सोडा झाला. वाळूने घासलं तर ओरखडे पडले.

तेव्हा खानसाम्याने जवळच्या घिवली गावच्या या चांगुणाबायला आणलं. मासे सुकवून विकणारी विधवा बाई. बोंबील किती दिवसांचा आहे हे ती डोळे मिटून सांगे. तिनं काचेला बोट लावून चाखलं, थुंकली आणि म्हणाली, "खार हाय. याला आंबट पायजे." दुसऱ्या दिवशी ती मडकं घेऊन आली. आत महिनाभर आंबवलेली ताडी, झाकण काढलं की डोळ्यांत पाणी यावं अशी. ताडीत भिजवलेली फडकी ती काचेला चिकटवून ठेवी, तासाभराने लिंबाच्या सालीने घाशी, गोड्या पाण्याने धुई आणि शेवटी खोबरेलाचा हलका हात फिरवी. काच इतकी लख्ख होई की एका गोऱ्या साहेबाने दार उघडंच आहे असं समजून कपाळ आपटून घेतलं. ताडीचा वास बंगल्यात पसरू नये म्हणून काम करताना तिनं काचेचं दार लावून घ्यावं, असा नियम मी केला होता.

तिचाही एक नियम होता. मडक्याजवळ ती दुसरं काही ठेवू देत नसे. राखेने घासायचं तर तो दिवस वेगळा. "आंबट एकटाच बरा, भाऊ. दुसऱ्याबरोबर काय करल, नेम नाय." मी चिडवायचो, "मग आमटीत चिंच-गूळ कसे नांदतात?" ती म्हणायची, "त्याचा वास मला ठाव हाय. ज्याचा वास ठाव नाय, त्याला मी हात लावत नाय." मला हा सगळा अडाणीपणा वाटे. हसून मी पुढच्या कामाला लागायचो.

पावसाळ्याच्या तोंडावर आसपास जुलाब-वांत्यांची साथ आली. त्यातच मोठे साहेब पाहणीला यायचे होते. न्हाणीघरांत ब्लीचिंग पावडर टाकायचा हुकूम आला आणि मी तो जरा जास्तच उत्साहाने पाळला. काचेच्या आत फरशीवर चांगला जाड थर पसरला. चांगुणाबाय आली ती नाक पुशीत. "पडसा झालाय, भाऊ. आज नाकाला कायच कलत नाय. उद्या करू?"

"उद्या कशाला? साहेब दुपारी येणार."

ती उंबऱ्यावर थांबली. सवयीने दोनदा हुंगलं. खालचा पांढरा थर बघून तिनं विचारलं, "ह्या काय टाकलाव?"

पावडर म्हटलं तर ही मडकं उचलून घरी जाईल, हे मला पक्कं माहीत होतं. पुढे काय होईल हे मात्र माहीत नव्हतं, देवाशपथ नव्हतं. घड्याळाकडे बघत मी म्हणालो, "चुना आहे गं."

"चुना?"

"चुनाच. मी सांगतोय ना!"

"तुमी सांगता तं चुना. चुन्याचा वास ठाव हाय मला," ती म्हणाली. आत गेली आणि माझ्या नियमाप्रमाणे दार ओढून घेतलं.

थोड्या वेळाने मडकं फुटल्याचा आवाज आला. मी धावलो तेव्हा काचेआड पिवळसर धूर कोंडला होता आणि आतून एक तळहात काचेला टेकलेला दिसत होता. खानसाम्याने नाकाला टॉवेल बांधून तिला बाहेर ओढली. मी दारात नुसता उभा होतो. संध्याकाळी अहवाल मात्र मीच लिहिला: कामकरी बाईने न विचारता दोन पदार्थ एकत्र केले. माझी नोकरी राहिली. तिला परत बोलावलं नाही.

तिला भेटायचं धाडस व्हायला वर्ष गेलं. घिवलीच्या वाळूत ती बोंबील वाळत घालत होती. दोन पावलं टाकली की थांबून धाप टाकायची. नाक कायमचं गेलं होतं. खराब माल गळ्यात पडतो म्हणून गिऱ्हाइकं तुटली, असं तिच्या जावेने मला वाटेतच सांगितलं होतं. मी माफीचे शब्द जुळवून गेलो होतो, पण तिनं मला बोलूच दिलं नाही. एवढंच म्हणाली, "त्या कागदावर तुमी काय लिवलाव, ता खानसाम्यान सांगितला मला."

मग टोपलीतून मूठभर बोंबील काढून तिनं माझ्या तोंडासमोर धरले.

"वास बगा, भाऊ. चांगला हाय का कुजला? या टायमाला खरा सांगा."

मी वास घेतला. "कुजलाय, चांगुणाबाय," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. मग तेच बोंबील माझ्यामागून आलेल्या जावेच्या नाकाशी नेऊन विचारलं, "हा माणूस खरा बोलतो का गं?"