फायनलकाकांची मागची सीट

सगळी गल्ली त्यांना फायनलकाका म्हणायची, आणि हे नाव त्यांनी स्वतःच्या तोंडाने कमावलं होतं. त्यांच्याकडे एक क्रूझर बाइक होती. लांबलचक, बुटकी, बसलेल्या म्हशीसारखी ऐसपैस. तिच्यात त्यांचे सतत काही ना काही बदल चालत, आणि दर वेळी हात पुसत ते जाहीर करत, "एवढं झालं की फायनल. मग हात म्हणून लावायचा नाही." समोरचा शिंपी लगेच मशीन थांबवून विचारी, "कितवं फायनल, काका?"

पोटापाण्यासाठी काका चष्म्याच्या दुकानात होते. गिऱ्हाइकाच्या नाकावर तो जड सांगाडा चढवायचा, एकामागून एक भिंग सरकवायचं आणि विचारायचं, "हे बरं की मघाचं?" दिवसभर हेच. संध्याकाळी तोच प्रश्न बायकोला. बाइक अंगणात स्टँडवर चढवलेली, काकू स्वयंपाकातून उठून मागच्या सीटवर बसलेल्या, हाताला पीठ तसंच.

"हे बरं की मघाचं?"

"मघाचं."

"पण ह्यात पाठीला आधार आहे."

"मग मला विचारता कशाला? सीटलाच विचारा."

हे सगळं सुरू झालं ते एका खडखडीपासून. लग्नाच्या पहिल्या वर्षी दोघं डोंगरावरचं धरण बघायला निघाली होती. अर्ध्या चढणीवर मागून कुठूनतरी खडखड ऐकू आली आणि काकांनी तिथेच बाइक वळवली. "वाजू दे की," काकू म्हणाल्या, "एवढं आलोय तर पाणी बघून जाऊ." काका म्हणाले, "असं अर्धवट नको. हा आवाज घालवतो, मग बघ तुला कसं नेतो ते." वळणावरून काकूंनी मान वळवून पाहिलं. धरणाची भिंत दिसली, पाणी काही दिसलं नाही.

खडखड सायलेन्सरची निघाली. सायलेन्सर बदलला, तर त्याला जुनं हँडल शोभेना. हँडल रुंद केलं, तर टाकी किरकोळ वाटू लागली. एकदा काकू बोलून गेल्या, की धरणाच्या वाटेवर खड्ड्यात पाठीला दणका बसला होता. झालं! मागचे शॉकअप काढून उंच, मऊ शॉकअप आले. सीटवर फोमचे थर चढले, मागे टेकू उभा राहिला. जे काही होत होतं ते काकूंच्या सुखासाठीच होत होतं, एवढंच की काकू अंगणाबाहेर जात नव्हत्या. मधल्या काळात मुलगी जन्मली, शिकली, नोकरीला लागली. मैत्रिणींना ती सांगे, "मला एक भाऊ आहे. शेडमध्ये राहतो. बाबा त्याला दर वर्षी त्याच इयत्तेत बसवतात."

नोकरी लागल्यावर तिने कार घेतली आणि आईला म्हणाली, "चल, मी नेते तुला धरणावर." काकू नाही म्हणाल्या. "कारने कुणीही नेईल गं. मला ह्यांनी नेतो म्हटलंय."

आणि एका रविवारी बाइक खरोखरच फायनल झाली. मिस्त्रीने इंजिनाला कान लावून दाखला दिला, "काका, आता करण्यासारखं काही उरलं नाही. करायचंच असेल तर दुसरी घ्या." काकू ठेवणीतला स्कार्फ बांधून आल्या. कठडा धरून एकेक पायरी उतरल्या. काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पाय उचलला.

पाय सीटपर्यंत पोहोचेना. पुन्हा उचलला. उंच शॉकअप, त्यावर फोम, त्यावर टेकू; मध्येच खुब्यातून कळ आली आणि पाय खाली आला. समोर शिंप्याने उगाचच मशीन चालवायला घेतली. सुईखाली कापड नव्हतं.

"हे कधीपासून?" काकांनी विचारलं.

"सांगितलं होतं की. जिना उतरताना दुखतं म्हणून. तुम्ही बाइकखाली होतात. 'हं' म्हणालात."

दिवसाला पन्नास लोकांची नजर तपासणाऱ्या काकांना आत्ता आठवलं, की गेली दोन वर्षं काकू कठडा धरूनच उतरताहेत, आणि संध्याकाळी सीटवर बसून बघायलाही येत नाहीत. ते मिस्त्रीकडे वळले. "जुने शॉकअप लाव. तेव्हा बाइक किती बुटकी होती! तेव्हा ही टुणकन बसायची."

"ते कधीच भंगारात गेले, काका. तुम्हीच म्हणालात, नजरेसमोर नकोत."

"मग साइडकार लावू. चढायचा प्रश्नच नाही. एवढं झालं की फाय—" शब्द अर्ध्यावरच राहिला.

काकू हसल्या. "अहो, तुमची साइडकार तयार होईपर्यंत मला उचलायला चौघं लागतील." त्यांच्याशिवाय कुणीच हसलं नाही. मग स्कार्फ सोडत त्या म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. नीट बघा आणि मला येऊन सांगा."

काका नको नको म्हणत गेले. बाइक लोण्यासारखी चालली. जुनं वळण आलं, गेलं. धरणाच्या कठड्याशी ते थोडा वेळ उभे राहिले आणि परतले. काकू अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"आवाज आला?"

"अजिबात नाही. चढणीवरसुद्धा नाही. मागच्या चाकाशी मला जरा शंका होती, पण नाही."

"बरं. पाणी कसं होतं?"

"पाणी..." काका म्हणाले. काकू पुढे झुकून ऐकत होत्या. काकांनी डोळे मिटून पाहिलं. चढणीवर सायलेन्सर आठवला, उतारावर ब्रेक आठवले, कठड्याशी थंड होताना टिकटिकणारं इंजिन आठवलं. जाताना आणि येताना ते फक्त ऐकत होते.

"खूप होतं," ते म्हणाले.

"रंग?"

काका बाइकच्या मागच्या सीटकडे बघत राहिले. तिच्या शिवणीवर एक सुरकुतीसुद्धा पडली नव्हती.

"मुलीला फोन लाव," ते म्हणाले. "म्हणावं, कार घेऊन ये. मलाही बघायचंय."