बंद माइक

माझा माइक बंद होता. समूहगीताच्या दुसऱ्याच ओळीत मला कळलं. स्पीकरमधून चौघींचे आवाज येत होते. आम्ही पाच जणी होतो.

शहरातल्या अकोटा भागातला हॉल, रविवार सकाळ, आमच्या गाण्याच्या क्लासचा वार्षिक कार्यक्रम. निमंत्रणपत्रिकेवर एकटीचा फोटो, माझा. खाली छापलेलं, 'ऑटिझमवर सुरांची मात'. मला पुढे मधोमध उभं केलं होतं, देणगीदारांना दिसावी म्हणून.

गाणं संपल्यावर मी माइकवाल्याला विचारलं. तो खरं बोलला. "बेन, मॅडमे ना पाडी छे. तमारुं माइक बंध ज राखवानुं." मॅडम म्हणजे आमच्या बाई; माझा माइक बंदच ठेवायचा, असं त्यांनीच बजावलं होतं. सात वर्षं त्यांच्याकडे शिकत होते. विंगेत जाऊन विचारलं, का? बाई हसत म्हणाल्या, "अगं, तू मध्येच जोरात गातेस, डोलतेस. तू नुसती उभी राहा. टाळ्या तुलाच आहेत."

नुसती उभी राहा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

लोकांना वाटतं, गाणं म्हणजे माझं औषध. मूर्ख आहेत. माणसं तोंडानं एक बोलतात, चेहऱ्यानं दुसरंच. त्याचा मेळ लावता लावता मी दमून जाते. सा तसं करत नाही. काल होता तिथेच आज असतो. कोमल रिषभ केसभर वर सरकला तरी मला टोचतो, चपलेत खडा जावा तसा. तीन महिने रोज सकाळी तो रिषभ घोटला होता. मी बोलायला लागले पाचव्या वर्षी. गात त्याआधीपासून होते. मला जे म्हणायचं असतं ते मला गाण्यातच नीट म्हणता येतं. यांनी नेमकं तेच बंद केलं.

मग माझा सत्कार. पाहुणे अलकापुरीच्या बंगल्यांतले, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. "या बिचारीनं..." अशी त्यांनी सुरुवात केली. खांद्यावर शाल आली. समोरून आई खुणावत होती, हस, नमस्कार कर.

मी शाल काढली. घडी घातली. त्यांच्या हातात दिली. मी म्हणाले, "माझा माइक बंद होता. माझं गाणं इथे कुणी ऐकलेलंच नाही. मग सत्कार कशाचा?"

बाई धावत आल्या. "तिला त्रास होतोय, आत न्या तिला."

मला त्रास होत नव्हता. मला राग आला होता. सात वर्षांत एवढाही फरक कळू नये?

मी तिथेच बसले आणि बिनमाइकची गायले. डोलत, जोरात. चौथ्या रांगेपलीकडे आवाज पोचला नसेल. टाळी एकही पडली नाही. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं.

रिक्षात आई रडली. "बाईंची माफी माग गं बेटा. क्लास सुटला तर कुठे जाशील?"

"नाही मागणार," मी म्हणाले. क्लास सुटला.

अजून फोन येतात. ताई, तुमचा सत्कार करायचाय. मी विचारते, गायला किती मिनिटं देणार? फोन ठेवतात. ठेवू देत. बेसूर झाले तर तोंडावर सांगा. कंटाळा आला तर उठून जा. पण आधी ऐकावं लागेल. न ऐकता टाळी वाजवाल तर ती मी थांबवीन. भर सभेत थांबवीन.